तात्यांचे आठ दिवस

रंगनाथ तात्यांच्या घरात कोणत्याही पदार्थाचा पहिला घास तात्याच घ्यायचे. दुसरा घास कुणी घ्यायचा की नाही, हे अर्ध्या तासानं ठरायचं. त्या अर्ध्या तासात तात्या भिंतीला टेकून, पोटावर हात ठेवून, डोळे बारीक करून बसायचे. पोटात चोर शिरलाय आणि आता तो कुठंतरी भांडं पाडील, असा चेहरा. भांडं पडलं नाही की म्हणायचे, "हं. चालू द्या." मग सुमनकाकू आपलं ताट वाढून घ्यायच्या.

मी तेव्हा जालन्याला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि तात्यांच्या पुढच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. आमचं गाव जाफराबादकडं. घरात माझ्याआधी दहावीच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं, त्यामुळं वडील मला सोडायला आले तेव्हा माझ्यापेक्षा तेच जास्त घाबरलेले होते. ते तात्यांना म्हणाले, "पोरगं भोळं हाय, जरा ध्यान ठेवा." तात्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. म्हणाले, "आठ दिवस ठेवून बघतो. मंग सांगतो."

मला वाटलं, घरमालक असंच बोलत असतील. नंतर कळलं की तो त्यांचा कायदा होता. खाण्याच्या वस्तूला अर्धा तास, नव्या पाण्याला एक दिवस, आणि औषधाला किंवा माणसाला आठ दिवस. नवव्या दिवशी त्यांनी माझ्या खोलीत डोकावून "हं" म्हटलं, तेव्हा मी पास झालो.

गल्लीत त्यांना 'आधी मी' म्हणत. तोंडावर नाही, पण त्यांना ऐकू जाईल इतक्या अंतरावरून. लग्नाच्या पंगतीत ते शेजारी बसलेल्या काकूंचा हात धरून ठेवायचे आणि स्वतः बुंदी खायचे. नवीन किराणावाल्याकडचा गूळ आधी स्वतः. माझ्या आईनं एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवलेली कारळाची चटणीसुद्धा आधी त्यांनी चमचाभर खाल्ली आणि मी माझ्याच चटणीसाठी अर्धा तास त्यांच्या ओसरीवर बसलो. कोपऱ्यावरचा न्हावी सांगायचा, "तात्या एक दिवस म्हणतील, वस्तरा चांगलाय का बघू, आधी माझी मिशी काढ."

या संशयाचं मूळ त्यांच्या नोकरीत होतं, असं मला बरेच दिवस वाटायचं. तात्या हिवतापाच्या कामावर होते. आयुष्यभर सायकलवरून गावोगाव फिरायचं, ताप आलेल्या माणसाच्या बोटाला सुई टोचायची, काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, नाव लिहायचं आणि पट्टी तपासायला पाठवायची. महिन्याला ठरलेल्या पट्ट्या भराव्याच लागत.

"आता पावसात वाडीवर जाता येतंय का?" तात्या मला विचारायचे. "गेलं तरी माणसं रानात. मंग काय करता?" आणि ते डाव्या हाताचं मधलं बोट पुढं करायचे. "ह्या बोटातून मी एकदा अख्खी वाडी काढली. चाळीस माणसं. बायका, लेकरं, एक पार वाकलेला म्हातारा. सगळ्यांचं रक्त एकदम बराबर निघालं."

मी हसायचो. ते हसायचे नाहीत.

"कागदावर सगळं बराबर असतंय. मला विचार. कागद लिहिणारा मीच होतो ना." एवढं बोलून ते बोट धोतराला पुसायचे.

त्या वर्षी एक ताप सगळीकडं फिरत होता. बाजारात माणसं तोंडाला रुमाल बांधून भाजी घेत होती. आमच्या कॉलेजच्या सेवा योजनेनं एका शाळेच्या हॉलमध्ये फ्लूची लस द्यायचं शिबिर ठेवलं आणि प्रत्येक स्वयंसेवकानं आपापल्या गल्लीतली म्हातारी माणसं आणायची, असं ठरलं. माझ्या वाट्याला आमचीच गल्ली आली. सगळ्यात आधी मी तात्यांकडं गेलो. अवघड काम आधी उरकावं, असं आमचे सर म्हणत.

"तात्या, ही लस दरवर्षी घ्यायची असते. फ्लूचा विषाणू दरवर्षी रूप बदलतो."

"म्हंजे औंदाची पुढल्या साली खोटी?"

"खोटी नाही. जुनी होते."

"बघ बरं. आताच सांगून राह्यलेत की पुढल्या साली चालणार न्हाई. असा बैल कुणी विकायला आणला तर तुझा बाप घेईल का?"

खरं तर मला ते पटलं. दुसऱ्या दिवशी मी शिबिराच्या सिस्टरना हा बैलाचा प्रश्न विचारला. त्या नाक्यावरच्या दवाखान्यात नर्स होत्या, मोठ्या आवाजाच्या. त्या म्हणाल्या, "त्यांना म्हणावं, ज्याला फसवायचं असतं तो बैल दहा वर्षं चालेल असं सांगतो. आम्ही एकच वर्ष सांगतोय."

हे मी तात्यांना सांगितलं. ते म्हणाले, "ही बाई बघायला पाहिजे."

शिबिराच्या दिवशी तात्या रांगेत पहिले. त्यांनी सिस्टरकडून लसीची बाटली घेतली, उजेडात धरली, तारीख वाचली. मग लसीच्या डब्यात मनगटापर्यंत हात घातला.

"काका, हात काढा."

"बर्फ बघून राह्यलो. हिवतापासंगं लसीचं काम बी असायचं, अर्धी नोकरी बर्फाचा डबा वाहण्यात गेली माझी."

"आणि?"

"बराबर हाय," तात्या म्हणाले आणि बाही वर केली.

सुई टोचताना ते सिस्टरच्या डोळ्यांत बघत होते, त्या काही लपवतात का ते पाहायला. झाल्यावर सिस्टरनी विचारलं, "काकू कुठंयत? त्यांना का नाही आणलं?"

"तिचं नंतर."

मागं रांगेत हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, "आधी मी." मला फार वाईट वाटलं. सुमनकाकू साठीच्या पुढच्या, वरून थंडीत त्यांना खोकला. लस मिळतेय तर हा माणूस स्वतः टोचून घेतो आणि बायकोला घरी ठेवतो. आमच्या गावात असे पुरुष पुष्कळ पाहिले होते, आधी पोटभर जेवणारे. तात्या त्यातलेच, हे मी मनाशी नक्की केलं.

घरी आल्यावर मी हिंमत करून काकूंना तसं बोललोही. त्या सुपात गहू निवडत होत्या. त्यांचा हात थांबला आणि त्या हसल्या.

"लेकरा, तुला बी तसंच वाटलं का? हे मला मागं न्हाई ठेवत. हे पुढं जाऊन बघून येतेत."

मग त्यांनी सांगितलं ते असं. लग्नाच्या पहिल्या वर्षी काकूंना ताप आला. तात्या तेव्हा आष्टीकडं नोकरीला. त्यांनी आपल्याच पिशवीतल्या कडू गोळ्या काढल्या आणि उपाशीपोटी काकूंना दिल्या. काकू दोन दिवस उलट्या करत होत्या, कानात घंटा वाजत होत्या, डोळ्यापुढं अंधार. गोळ्या वाईट नव्हत्या, जेवून घ्यायच्या होत्या, एवढंच. पण तात्या उंबऱ्यावर बसून लहान लेकरासारखे रडले.

"तवापासून कुठली बी चीज आधी ह्यांच्या पोटात जाते. काही वाईट असलं तर ह्यांना व्हावं म्हणून. लोकं हसतेत. मी म्हणते, हसू द्या. सांगत फिरले तर ह्यांना आवडणार न्हाई."

मी माझ्या खोलीत येऊन बसलो. माझ्या चटणीचा तो अर्धा तास मला वेगळाच वाटायला लागला.

लस घेतल्यापासून तात्या रोज कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर नोंद करत. मला ते कॅलेंडर त्यांनी स्वतःच वाचायला दिलं, इंग्रजी तारखा बरोबर आहेत का ते बघायला. पहिला दिवस: हात दुखतो. दुसरा दिवस: हात दुखतो, पण कालच्यापेक्षा कमी. तिसरा दिवस: अंग कसकस, सायंकाळी गायब. चौथा दिवस: सुमनच्या भाजीत मीठ नाही. लसीचा संबंध नसावा. पाचवा दिवस: मी ठीक. सहावा दिवस: परत मीठ नाही. विचारलं. बोलली नाही.

नवव्या दिवशी ते काकूंना घेऊन निघाले. शिबिर संपलं होतं, म्हणून एका खाजगी डॉक्टरकडं. तिथं त्यांनी तीच कंपनी, तोच बर्फ अशी चौकशी करून काकूंना लस टोचून आणली. काकूंचा हातही दुखला नाही. पण त्या घरी आल्या आणि चप्पल न काढताच खाटेवर जाऊन पडल्या.

त्यानंतर काकू कमी कमी होत गेल्या. मला दुसरा शब्द सापडत नाही. आधी अंगणातली रांगोळी बंद झाली. मग बोलणं. दिवसभर पडून राहायच्या, कधीही पाहावं तर डोळे मिटलेले. बांगड्या काढून डब्यात ठेवल्या, म्हणाल्या, हात जड लागतात.

तात्यांनी चोर शोधायला सुरुवात केली. लस तर चोर नव्हती, कारण मीठ काकूंच्या लसीच्या आधीच गेलं होतं आणि कॅलेंडर साक्षीला होतं. मग त्यांनी पिठाच्या गिरणीवर संशय घेतला. दुसऱ्या गिरणीतून दळण आणलं, त्याची भाकरी आधी स्वतः खाल्ली. मग नळाच्या पाण्यावर. मग शेजारच्या नव्या रंगाच्या वासावर. एका हकिमाकडून ताकदीचं चाटण आणलं, ते आठ दिवस स्वतः चाटलं. तात्यांचे गाल वर आले, काकूंचे आत गेले. मग कुणी पिंपळगाव रेणुकाईला जाऊन या म्हणालं, तर आधी स्वतः एकटे देवीला जाऊन आले.

"तात्या, डॉक्टरला दाखवू," मी म्हणायचो.

"कशाच्या डॉक्टरला? ताप न्हाई, खोकला न्हाई. कुठं दुखतंय ते ती सांगत न्हाई. थांब, हे चाटण काय करतंय बघू. आठ दिवस."

आणि मी थांबायचो. हे लिहिताना मला लाज वाटते, पण मीही थांबत होतो. आमच्या गावात असल्या दुखण्याला 'बाहेरचं' म्हणतात. मी कॉलेजात शिकत होतो, पण माझ्याकडंही त्यापेक्षा चांगला शब्द नव्हता.

एका सकाळी मी कॉलेजला निघालो होतो. काकू दारात उभ्या होत्या, बऱ्याच दिवसांनी. आवाज अगदी शांत.

"लेकरा, एक काम कर. ह्यांना कुकर लावायला शिकव. शिट्टीला घाबरतेत. मी नसल्यावर उपाशी राहतील."

"तुम्ही कुठं चाललात काकू?"

"कुठं न्हाई. जगावं वाटत न्हाई आता. कुणाचं काही चुकलं न्हाई रे. बस झालं."

मी "असं बोलू नका" म्हणालो आणि निघालो. गल्लीच्या टोकापर्यंत गेलो आणि तिथूनच वळलो. कॉलेज सोडून मी नाक्यावरच्या दवाखान्यात गेलो, त्या मोठ्या आवाजाच्या सिस्टरकडं. त्यांना सगळं सांगितलं. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

"हे नुसतं बोलणं समजू नको. त्यांना एकटं ठेवू नका, एक क्षणही. आणि मनाच्या डॉक्टरकडं न्या, आजच्या आज. चांगला वार बघत बसू नका." त्यांनी एका कागदावर पत्ता लिहिला, स्टेशनकडच्या रस्त्यावरचा. मी जायला निघालो तर म्हणाल्या, "आणि सरळ विचारायला घाबरू नको, मरायचा विचार येतो का म्हणून. विचारल्यानं कुणी मरत नाही. न विचारल्यानं मरतं."

तात्या ओसरीवर चाटणाची बरणी घेऊन बसले होते. मी काकू काय म्हणाल्या ते सांगितलं. कुकरचं ऐकून त्यांनी बरणीचं झाकण लावलं, काढलं, परत लावलं. मग आत जाऊन टोपी घालून आले.

"आधी मी जातो."

"तात्या, आता आठ दिवस नाहीत."

"आठ दिवस कोण म्हणतंय? एक तास. तो माणूस कसा हाय तेवढं बघून येतो. तिच्या डोक्याला हात लावणार तो. बोट न्हाई हे."

मी अडवायला हवं होतं. अडवलं नाही. समोरच्या घरातल्या शेखचाचींना काकूंजवळ बसवलं, त्यांना थोडक्यात सांगितलं, आणि आम्ही रिक्षानं निघालो.

डॉक्टर किडकिडीत होते, हळू बोलणारे. तात्यांनी मला खुर्चीमागं उभं केलं आणि स्वतःचं नाव, वय लिहून दिलं.

"काय होतंय?"

"झोप न्हाई," तात्या म्हणाले. "पडलं की उठून बसतो. घरात माणूस असून घर रिकामं लागतंय. जेवताना घास फिरतो तोंडात."

"कधीपासून?"

"दोन महिने झाले. भाजीत मीठ टाकायचं ध्यानात राहत न्हाई."

"स्वयंपाक तुम्ही करता?"

तात्या अडखळले. "अधूनमधून."

"बरं. अजून?"

"सकाळी रांगोळी काढावी वाटत न्हाई."

डॉक्टरांनी वर पाहिलं. मी फरशीकडं पाहिलं.

"रांगोळी तुम्ही काढता?"

"चाळीस वर्षं," तात्या म्हणाले. आता त्यांचा आवाज घाईचा झाला होता. "एक दिवस खाडा न्हाई. सुतकातले सोडून. आता उठावंच वाटत न्हाई. बांगड्या काढून ठेवल्या डब्यात, हात जड लागतेत म्हणून. म्हणलं, कुणाचं काही चुकलं न्हाई, बस..."

ते थांबले. त्यांनी दोन्ही हात टेबलाखाली नेले.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं. "त्या आत्ता कुठं आहेत?"

"घरी."

"जा आणि घेऊन या. मी इथंच आहे, जेवायला जात नाही. तुम्हाला मला तपासायचं असेल तर नंतर तपासा."

परतीच्या वाटेवर तात्या रिक्षावाल्याला दोनदा म्हणाले, "जल्दी घे, बाबा." सिग्नल नव्हता, गर्दी नव्हती, तरी तो रस्ता मला आमच्या गावाइतका लांब वाटला.

घराचं दार सताड उघडं होतं. ओसरीवर कुणी नाही. खोलीत कुणी नाही. स्वयंपाकघरात सगळी भांडी घासून पालथी घातलेली. तात्यांनी न्हाणीघरात पाहिलं, मग माझ्या खोलीत पाहिलं, मग परत न्हाणीघरात पाहिलं. मी मागच्या दारानं पळालो.

घरामागं गल्लीची जुनी विहीर होती, नळ आल्यापासून कुणी न वापरलेली. तिच्यापासून दहा पावलांवर काकू जमिनीवर बसल्या होत्या आणि त्यांच्या शेजारी शेखचाची, अनवाणी. चाचींनी काकूंचा पदर मुठीत गुंडाळून घट्ट धरला होता. मूठ पांढरी पडलेली.

"मैं कुछ नै बोली," चाची मला म्हणाल्या. "ये उठी, मैं भी उठी. ये चली, मैं भी चली. फिर पल्लू पकड़ के बैठ गई बस. और क्या करती?"

तात्या मागून आले. धोतर सावरून काकूंच्या समोर मातीत बसले.

"सुमन, चल."

"कुठं?"

"डॉक्टरकडं. बघून आलो मी. माणूस बरा हाय."

काकूंनी बऱ्याच वेळानं त्यांच्याकडं पाहिलं. "आठ दिवस झाले का?"

हे त्या थट्टेनं म्हणाल्या की खरोखर विचारत होत्या, मला आजही कळलेलं नाही. तात्यांचा चेहरा वाकडा झाला.

"न्हाई झाले," ते म्हणाले. "ह्या वेळी तू आधी."

चाचींनी पदर सोडला नाही. तो तसाच धरून त्या रिक्षात बसल्या, अनवाणीच.

दवाखान्यात डॉक्टरांनी काकूंना एकट्यांना आत घेतलं. तात्या बंद दारासमोर उभे राहिले. मी बसा म्हणालो तर म्हणाले, "बसलो तर आतला आवाज येत न्हाई." उभं राहूनही येत नव्हता. तासाभरानं दार उघडलं. डॉक्टर म्हणाले, काही दिवस त्यांना इथंच ठेवू, सोबत कुणीतरी कायम पाहिजे, औषधाला गुण यायला दोन-तीन आठवडे लागतील, तोपर्यंत धीर धरायचा.

"कशानं झालं हे?" तात्यांनी विचारलं. "पाणी? पीठ? कुणाचं काही?"

"प्रत्येक वेळी कारण सापडतंच असं नाही. सापडलं नाही तरी उपचार होतो."

हे तात्यांना अजिबात पटलं नाही, ते दिसत होतं. चोर नाही आणि चोरी झाली, हे त्यांच्या हिशोबात बसत नव्हतं. पण नर्सनं पहिली गोळी आणली तेव्हा त्यांचा हात सवयीनं पुढं गेला, गोळीच्या जवळ जाऊन थांबला, आणि शेजारचा पाण्याचा पेला उचलून त्यांनी तो काकूंच्या ओठाला लावला. काकूंनी गोळी गिळली.

पुढं काकूंना बरं वाटायला चारेक महिने गेले. मध्ये एकदा दुखणं परत उलटलंही. बऱ्या झाल्या, एवढं सांगून ठेवतो, कारण वाचणाऱ्याला काळजी वाटत असेल. पण मला त्या दुपारचंच अजून थोडं सांगायचं आहे.

काकूंना आतल्या खोलीत झोपवलं, चाची उशाशी बसल्या. आम्ही निघणार तेवढ्यात डॉक्टरांनी तात्यांना बोलावलं. टेबलावर सकाळचा कागद होता, तात्यांच्या नावाचा.

"बसा. हा कागद मी फाडणार होतो," डॉक्टर म्हणाले. "पण एक अडचण आली. तुम्ही सकाळी म्हणालात, झोप नाही. काकू म्हणतात, त्यांना दिवसरात्र झोपच येते."

तात्यांनी आतल्या खोलीच्या दाराकडं पाहिलं.

"त्या म्हणाल्या, जाग येते तेव्हा ह्यांचा तळहात माझ्या नाकापाशी असतो. श्वास बघत बसतात. रोज."

तात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"तर आता मला सांगा," डॉक्टरांनी कागद त्यांच्याकडं फिरवला. "यातलं त्यांचं किती आणि तुमचं किती?"

तात्या डाव्या हाताचं ते मधलं बोट एकेका ओळीवर ठेवत गेले.

"मिठाचं तिचं. रांगोळीचं तिचं. बांगड्या तिच्या." बोट वर सरकलं आणि थांबलं. "झोपेचं माझं."

"आणि हे? घरात माणूस असून घर रिकामं लागतंय?"

तात्यांनी मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून, कळलं नाही. मला वाटलं, आता आपण इथं असू नये. मी उठून दाराकडं वळलो, तर त्यांनी मागं न बघता माझा शर्ट पकडला.

"थांब की," ते म्हणाले. "तुला ऐकायला काही हरकत न्हाई."

मी बसलो. डॉक्टरांनी पेन उचललं नाही. आणि तात्या, थांबत थांबत, पहिल्यांदाच स्वतःचं सांगायला लागले.